लहान हृदयांचे डॉक्टर आणि वेळेचे गणित

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काहीतरी दोष असतो. हे प्रमाण देशोदेशी फारसे बदलत नाही. भारतातल्या जन्मांची संख्या पाहता दरवर्षी दोन लाखांहून अधिक बाळे असा दोष घेऊन येतात आणि त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शाला पहिला वाढदिवस उजाडण्याआधीच शस्त्रक्रिया किंवा तिच्या तोडीचा उपचार लागतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. या मुलांच्या डॉक्टरांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर उभे राहते. बाळाच्या मुठीएवढे हृदय, आणि डोळ्यांना भिंगे लावून त्यावर केसाहून बारीक धाग्याने टाके घालणारा सर्जन. ते कौशल्य थक्क करणारे आहेच. पण या वैद्यकशाखेचा इतिहास आणि आजची स्थिती एकत्र पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. इथे मूल वाचणार की दगावणार हे ठरवण्यात हातांइतकाच वाटा वेळेचा असतो, आपल्या देशात तर हातांपेक्षाही जास्त. दोष कोणता आहे, तो कधी त्रास देऊ लागेल, किती थांबता येईल आणि कधीनंतर थांबणे घातक ठरेल, हे ओळखणे हा बालहृदयरोगतज्ज्ञाच्या कामाचा गाभा आहे. म्हणूनच आपल्याकडची सर्वांत मोठी उणीव शोधायची तर ती थिएटरच्या बाहेर शोधावी लागते. मूल वेळेवर या डॉक्टरांपर्यंत पोचवणारी साखळी आपल्याकडे तुटक आहे.

वेळेला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी गर्भातले रक्ताभिसरण पाहावे लागते. पोटातल्या बाळाला प्राणवायू आईच्या वारेतून मिळतो. त्याची फुप्फुसे अजून कामाला लागलेली नसतात, त्यामुळे फुप्फुसांकडे जाणारे बरेचसे रक्त एका आखूड वाहिनीतून थेट महारोहिणीत वळवले जाते. या वाहिनीला डक्टस म्हणतात. बाळ जन्मते, पहिला श्वास घेते, फुप्फुसे उलगडतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ही वाहिनी आपोआप मिटते. निरोगी बाळाला तिची गरजच उरलेली नसते. मात्र काही बाळांच्या हृदयाची रचना अशी असते की फुप्फुसांना किंवा सर्व शरीराला रक्त मिळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे हीच वाहिनी. असे बाळ पहिल्या दिवशी गुटगुटीत दिसते, रडते, दूध ओढते. डिस्चार्जच्या कागदावर सही होते, पेढे वाटले जातात. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी ते अचानक थंड पडते, निळसर किंवा राखाडी दिसू लागते, कारण तो एकमेव मार्ग बंद झालेला असतो.

प्रत्येक दोषाची मुदत मात्र वेगळी असते. महारोहिणी आणि फुप्फुसांची धमनी यांच्या जागा जन्मतःच अदलाबदल झालेल्या असतील, तर शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच फिरत राहते आणि अशुद्ध रक्त शरीरभर. अशा बाळाला पहिल्या दिवसांत मदत लागते, आणि रक्तवाहिन्या मूळ जागी जोडण्याची शस्त्रक्रिया पहिल्या तीन-चार आठवड्यांत उरकावी लागते. त्यानंतर डावा कप्पा कमी दाबाच्या कामाला सरावून दुबळा होतो आणि पुढे पूर्ण शरीराचा भार पेलू शकत नाही. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र असेल, तर पहिले काही आठवडे सारे ठीक वाटते. फुप्फुसांतला दाब उतरत जातो तसे जास्तीचे रक्त तिकडे लोटू लागते आणि दीड-दोन महिन्यांच्या सुमारास बाळ धापा टाकायला लागते. असे मोठे छिद्र साधारण सहा महिन्यांच्या आत बंद करणे इष्ट. वर्षानुवर्षे तसेच राहिले तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड आणि ताठ होतात, दाब कायमचा वाढतो, आणि मग छिद्र बुजवणेच जिवावर बेतू शकते. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचे छिद्र याउलट सौम्य असते. त्याला दोन ते चार वर्षांच्या वयापर्यंत निवांत वाट पाहता येते. ‘हृदयाला छिद्र आहे’ या एका वाक्यात घरचे लोक हे सगळे कोंबतात. डॉक्टरच्या दृष्टीने मात्र त्यांतल्या एकाला आज रात्रीच गाडी हवी असते आणि दुसऱ्याला पुढच्या वर्षीची तारीख पुरते.

म्हणूनच बालहृदयरोगतज्ज्ञ म्हणजे मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाची छोटी आवृत्ती असे समजणे चूक आहे. प्रौढांच्या हृदयविकारात बहुधा मुळात नीट बनलेले हृदय पुढे बिघडलेले असते: धमन्यांत चरबी साठते, रक्तदाब वाढतो, झटका येतो. मुलांमध्ये हृदयाची घडणच वेगळी असते आणि ते हृदय वाढत्या शरीरात असते. तपासणीची रीतही निराळी. सहा आठवड्यांचे बाळ छातीत दुखते म्हणून सांगत नाही, म्हणून डॉक्टर आईला दुधाविषयी विचारतात. बाळ सलग पिते की थोडे ओढून थांबते, दम खाते, पुन्हा ओढते? पिताना कपाळावर घाम येतो का? जन्मापासून वजन किती चढले? तान्ह्या बाळासाठी दूध पिणे हाच सर्वांत मोठा व्यायाम असतो, त्यामुळे हृदयाचा थकवा तिथेच आधी उघडा पडतो. मग बोटांनी जांघेतली नाडी चाचपली जाते. ती हाताच्या नाडीपेक्षा क्षीण लागली तर महारोहिणी कुठेतरी अरुंद असल्याची शंका येते. यकृत बरगडीखाली किती उतरले आहे हे पाहिले जाते, स्टेथोस्कोप लावला जातो, आणि शेवटी लहान प्रोबने टू-डी इको होतो. तो करणाऱ्याला दोषांचे असंख्य प्रकार डोळ्यांसमोर ठेवून एकेक कप्पा, झडप आणि रक्तवाहिनी कुठून कुठे जाते हे तपासावे लागते. मोठ्यांचे इको उत्तम करणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतूनही इथे गुंतागुंतीचा दोष निसटू शकतो.

या शाखेचा जन्मच नेमक्या निरीक्षणातून झाला. 1936 मध्ये कॅनडाच्या मॉड ॲबट यांनी जन्मजात हृदयदोषांच्या एक हजार रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ॲटलास प्रसिद्ध केला, तेव्हा या मुलांसाठी करण्यासारखे जवळपास काहीच नव्हते. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुलांच्या हृदयविभागाची जबाबदारी 1930 पासून हेलन टॉसिग यांच्याकडे होती. त्यांची श्रवणशक्ती अधू होत गेली, म्हणून त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून ठोक्यांची थरथर जाणून घेत आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर हृदयाचा आकार निरनिराळ्या कोनांतून पाहत. वर्षानुवर्षे अशी मुले पाहताना त्यांना एक संगती दिसली. फुप्फुसांकडे रक्त कमी जाणाऱ्या निळ्या बाळांपैकी ज्यांचा डक्टस उघडा राहिला होता ती तग धरत होती, आणि तो मिटला की त्यांची प्रकृती ढासळत होती. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी 1938 मध्ये उघडा राहिलेला डक्टस शस्त्रक्रियेने बंद करून दाखवला होता. टॉसिग यांनी उलट विचार केला: ही वाहिनी बंद करता येते, तर नवी तयारही करता आली पाहिजे. ग्रॉस यांना त्यात रस वाटला नाही. पुढे हॉपकिन्समध्ये आलेले सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी ती कल्पना उचलली.

ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ काम करत. आर्थिक मंदीत कॉलेजसाठी साठवलेले पैसे बुडाल्याने त्यांचे वैद्यकीय शिक्षण हुकले होते. कुत्र्यांवर अनेक प्रयोग करून हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडण्याचे तंत्र त्यांनी घोटवून काढले. 29 नोव्हेंबर 1944 रोजी पंधरा महिन्यांच्या एका अशक्त मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाक्यांविषयी सूचना देत होते. ती मुलगी पुढे काही महिनेच जगली, पण नंतरच्या मुलांचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले आणि जगभरातून आईबाप बॉल्टिमोरला धावले. थॉमस यांना विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती 1976 मध्ये. या कथेत सर्जनच्या हाताचे मोल मोठे आहे, तरी क्रम विसरता येत नाही. काय जोडायचे आणि कोणत्या मुलाला, हे आधी रोग वाचणाऱ्या नजरेने सांगितले. पुढचे मोठे टप्पेही याच वाटेने गेले. 1953 मध्ये जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन यशस्वीपणे वापरून उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेचा रस्ता मोकळा केला. पण 1966 मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी छाती न उघडता, शिरेतून फुगा नेऊन हृदयातला पडदा फाडला आणि रक्तवाहिन्या अदलाबदल झालेल्या बाळांना काही काळ मिळवून दिला. सत्तरच्या दशकात प्रोस्टाग्लँडिन हे औषध आले, ते ठिबकने देऊन मिटणारा डक्टस उघडा ठेवता येऊ लागला. या दोन्ही उपायांनी बाळ बरे होत नाही. ते सर्जनपर्यंत जिवंत पोचते. 1975 मध्ये ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी त्या वाहिन्या मूळ जागी बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली, तिचा लाभ मिळायचा तर आधी हा अवधी मिळणे गरजेचे असते.

इथे पहिला आक्षेप येतो: वेळ एवढी महत्त्वाची असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेचे केंद्र काढावे. ऐकायला हे न्याय्य वाटते, पण पुरावा उलट सांगतो. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या बालहृदयशस्त्रक्रियांची सार्वजनिक चौकशी सर इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि तिचा अहवाल 2001 मध्ये आला. 1991 ते 1995 या काळात तिथे एक वर्षाखालची 30 ते 35 मुले, अन्य सर्वसाधारण केंद्रांत जेवढी दगावली असती त्यापेक्षा जास्त दगावली, असा निष्कर्ष निघाला. त्यामागे एका व्यक्तीचा दोष सांगून भागण्यासारखे नव्हते. हृदयरोगतज्ज्ञ एका इमारतीत, शस्त्रक्रिया दुसऱ्या इमारतीत, पथकात समन्वय नाही, निकालांवर देखरेख नाही, असे सगळे एकत्र आले होते. अशा मुलामागे बालहृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ, हार्ट-लंग मशीन चालवणारे परफ्युजनिस्ट आणि पहिल्या रात्री दर तासाला लघवीचे प्रमाण आणि रक्तदाब पाहणाऱ्या आयसीयूतल्या परिचारिका असा मोठा संच लागतो. हा संच सतत काम करत राहिला तरच तयार राहतो. वर्षाला मोजक्याच शस्त्रक्रिया करणारी केंद्रे गावोगाव उभारणे म्हणजे मुलांना जवळच्या धोक्यात ढकलणे. तेव्हा शस्त्रक्रिया थोड्या, मोठ्या आणि सक्षम केंद्रांतच व्हावी. आणि नेमके म्हणूनच ओळख मात्र प्रत्येक बाळंतपणाच्या खोलीत व्हावी.

या ओळखीच्या कामात महाराष्ट्राची जागा महत्त्वाची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून झाली, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमातली फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मुलांच्या अनेक हृदयशस्त्रक्रियांचा खर्च भागतो. मुंबई आणि पुण्यात चांगली केंद्रे आहेत, आणि नवी मुंबईत खारघरला मुलांच्या हृदयांसाठी विनामूल्य उपचार करणारे श्री सत्य साई संजीवनी केंद्र आहे. या सगळ्यामुळे पैशाअभावी परत फिरणाऱ्या मुलांची संख्या निश्चितच घटली. पण या रचनेतली एक फट नीट पाहिली पाहिजे. पथक अंगणवाडीत पोचते तोवर मूल बहुधा काही महिन्यांचे किंवा वर्षांचे असते. सावकाश उलगडणारे दोष तिथे सापडतात. ज्यांची मुदत दिवसांची असते ती मुले त्या रांगेत उभी राहायला उरतच नाहीत. त्यांच्या मृत्यूच्या कागदावर ‘न्यूमोनिया’ किंवा ‘जंतुसंसर्ग’ असे येऊ शकते, आणि मग हा प्रश्न आकड्यांतही दिसत नाही. भारतातल्या तज्ज्ञांनी 2008 मध्ये कोणत्या दोषावर कोणत्या वयात उपचार व्हावा याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि पुढे ती सुधारली. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या बाळाच्या बाबतीत ती पाळायची, तर त्याचे निदान ते जन्मले त्याच ठिकाणी व्हायला हवे.

ते शक्य आहे, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेल्या ऑक्सिमीटरचीच नवजात बाळासाठीची आवृत्ती पुरते. बाळ 24 तासांचे झाले की त्याच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पट्टी लावून सॅच्युरेशन मोजायचे. दोन्ही आकडे 95 टक्के किंवा जास्त असावेत आणि दोन्हींत तीनपेक्षा जास्त अंकांचा फरक नसावा. कुठेही 90 च्या खाली आकडा आला तर लगेच पुढची तपासणी, मधल्या आकड्यांत तासाभराने पुन्हा मोजणी. काही मिनिटांत होणारे हे काम परिचारिका करू शकते. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवता येत नाही, कारण सॅच्युरेशन ऐंशीच्या आसपास उतरेपर्यंत निळेपणा डोळ्याला नीट जाणवत नाही, आणि सावळ्या कातडीच्या किंवा रक्त कमी असलेल्या बाळात तो आणखी उशिरा दिसतो. अमेरिकेत 2011 मध्ये ही चाचणी नवजात बाळांच्या शिफारशीत आली. ज्या राज्यांनी ती सक्तीची केली तिथे गंभीर हृदयदोषांमुळे होणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू सुमारे 33 टक्क्यांनी घटले, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ही चाचणी परिपूर्ण नाही. ती गंभीर दोषांपैकी साधारण चारांतले तीन पकडते. महारोहिणी अरुंद असलेली काही बाळे तिच्यातूनही सुटतात, म्हणून जांघेतली नाडी पाहणे टळत नाही. तिने दिलेले खोटे इशारे हजारात एक-दोनच असतात, आणि त्यांतल्याही कित्येक बाळांना फुप्फुसांचा किंवा जंतुसंसर्गाचा आजार निघतो, म्हणजे तो इशाराही वाया जात नाही.

काही डॉक्टर आणि पालक विचारतात: अनेक छिद्रे आपोआप बुजतात, मग सरसकट शोध घेऊन घबराट कशाला पसरवायची? त्यातला पहिला भाग अगदी खरा आहे. खालच्या पडद्यातली बारीक छिद्रे पहिल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणात मिटतात आणि त्या मुलांना कसलाही उपचार लागत नाही. पण कोणते छिद्र मिटेल आणि कोणते फुप्फुसे नासवील हे घरी बसून ठरत नाही. ‘काही करू नका, सहा महिन्यांनी दाखवा’ हे वाक्य खात्रीने उच्चारणे हाही या तज्ज्ञाच्या कौशल्याचाच भाग आहे. निदान झाल्याने भीती वाढते असे नाही. अर्धवट निदानाने ती वाढते. छिद्राचे नाव ऐकलेल्या आईला त्याची मुदत सांगितली गेली नाही, तर एकीकडे निरुपद्रवी दोषाचे मूल वर्षानुवर्षे खेळापासून दूर ठेवले जाते आणि दुसरीकडे खरोखर धोक्यातले मूल ‘मोठे झाल्यावर बघू’ म्हणून थांबवले जाते.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ज्या देशात अजून कुपोषण आणि अतिसार मुले मारतात, तिथे लाखो रुपयांच्या शस्त्रक्रियांवर पैसा का घालायचा? याचे उत्तर प्रगतीतच दडलेले आहे. लसी, स्वच्छ पाणी आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांमुळे साथीचे मृत्यू घटतात, तसा उरलेल्या मृत्यूंत जन्मजात दोषांचा वाटा वाढत जातो. 2020 च्या नमुना नोंदणीनुसार देशाचा अर्भकमृत्युदर हजारी 28 होता, महाराष्ट्राचा 16 आणि केरळचा 6. इतक्या खाली आल्यावर केरळला या दोषांकडे वळणे भागच पडले. तिथे 2017 मध्ये ‘हृद्यम’ ही योजना सुरू झाली. संशयित बाळाची ऑनलाइन नोंद होते, तज्ज्ञ ती पाहून निकड ठरवतात आणि बाळ योग्य केंद्राकडे धाडले जाते. महाराष्ट्र त्याच वाटेवर काही वर्षे मागे आहे. शिवाय कुपोषण आणि हृदयदोष हे एकमेकांना परके नाहीत. मोठ्या छिद्राचे मूल जे खाते ते वेगाने धडधडण्यात खर्च करते, त्याला वारंवार न्यूमोनिया होतो आणि वजनाच्या तक्त्यावर ते कुपोषितांच्या रकान्यात जाऊन बसते. पोषण आहाराने न भरणाऱ्या अशा मुलाचे हृदय तपासणे ही कुपोषणाच्या कामातलीच पायरी आहे. खर्चाचे म्हणाल, तर साधे छिद्र वेळेवर बंद झालेले मूल बहुधा जवळपास सामान्य आयुष्य जगते, आणि उशीर झालेले मूल वर्षानुवर्षे औषधे, दाखल होणे आणि बुडालेला रोजगार यांत कुटुंबाला खेचते.

वेळेचे हे गणित टाके निघाल्यावर संपत नाही. निळ्या बाळांतल्या नेहमीच्या दोषाची दुरुस्ती झालेल्या कित्येकांना मोठेपणी फुप्फुसाच्या झडपेसाठी पुन्हा उपचार लागतो. मुलींच्या बाबतीत गर्भारपणाआधी सल्ला घ्यावा लागतो, काहींच्या हृदयाची लय बिघडते, किडलेल्या दातांतून जंतू हृदयापर्यंत पोचू शकतात. प्रगत देशांत जन्मजात हृदयदोष असलेल्यांमध्ये आज मुलांपेक्षा प्रौढांची संख्या जास्त आहे. या शाखेच्या यशाची याहून मोठी खूण नाही. आपल्याकडे मात्र ‘ऑपरेशन झाले, आता बरा आहे’ म्हणून फाइल कपाटात जाते. ती फाइल जपणे आणि ठरलेल्या तारखेला दाखवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

शासनाने प्रत्येक प्रसूतिगृहात, सरकारी असो वा खासगी, सॅच्युरेशनची चाचणी बंधनकारक करावी. तिचा निकाल डिस्चार्जच्या कागदावर लिहिला जावा. गंभीर बाळाला प्रोस्टाग्लँडिन सुरू करून, उबेत ठेवून, श्वासावर लक्ष ठेवत मोठ्या केंद्राकडे नेणारी गाडी प्रत्येक विभागात असावी, कारण त्या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो आणि साध्या गाडीतला प्रवास जिवावर बेततो. हे होईपर्यंत घरच्यांनी थांबण्याचे कारण नाही. घरात बाळ जन्मले तर डिस्चार्ज घेण्याआधी एवढेच विचारा: हातापायाचे सॅच्युरेशन मोजले का, किती आले? पुढच्या आठवड्यांत बाळ दूध ओढताना दमत असेल, कपाळावर घाम येत असेल, वजन चढत नसेल किंवा ओठ-जीभ निळसर दिसत असतील, तर सर्दीचे औषध देऊन वाट पाहू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवा आणि इको मुलांच्या हृदयाची माहिती असलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्या.